पिवळी पडलेली पहिली खेप

२०२३ साल होते. होळी होऊन गेली होती, रमजान जवळ आला होता आणि आखाती देशांत केळीला चांगला उठाव होता. त्या मार्चमध्ये पाचोऱ्याजवळच्या एका लहान पॅकहाऊसमधून पहिल्यांदाच परदेशी जाणारी खेप निघायची होती. ती निघाली नाही.

दोन दिवसांनी, शनिवारी, त्या पॅकहाऊसची मालकीण धुळ्याच्या चौथ्या गल्लीतला एक अरुंद जिना चढून वर आली. खाली चष्म्याचे दुकान, वर दिपमाला खैरनार यांची खोली. दारावर पाटी नव्हती. ज्यांना यायचे असते ते विचारत विचारत येतात, असे दिपमालाबाई म्हणत.

बाई पंचावन्नच्या होत्या. वीस वर्षे त्यांनी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी केली होती. जळालेल्या जिनिंग, पाण्याखाली गेलेली किराणा दुकाने, उलटलेले ट्रक. मग नोकरी सोडून त्या स्वतःच चौकशीची कामे घेऊ लागल्या. घरी वाट पाहणारे कोणी नव्हते, म्हणून खोली रविवारीही उघडी असे.

समोरच्या खुर्चीत सुकदेव नाना बसत. नाना सोनगीरचे, बँकेतून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून सोनगीरच्या घरात त्यांची दुपार सरत नसे. ते रोज गाडी काढून धुळ्याला येत आणि बाईंच्या कामात लक्ष घालत. उत्तरे त्यांना बाईंच्या आधी सुचत, आणि बहुधा चुकीची असत.

आलेल्या बाईचे नाव शिल्पा सपकाळे. वय चौतीसच्या आसपास, चेहरा झोप न झालेला. तिने पाण्याचा पेला हातात धरला, पण प्यायली नाही.

तिची हकिकत अशी होती. शाळेतला वर्गमित्र आकिब बागवान आणि ती, दोघांनी मिळून सहा वर्षांपूर्वी केळी पिकवण्याच्या दोन खोल्या सुरू केल्या. पाचोऱ्यापासून दोंडाईच्यापर्यंत हातगाडीवाल्यांना आणि दुकानांना पिकलेला माल पुरवायचा. धंदा लहान होता, पण चालत होता. मग जळगावचा एक निर्यातदार म्हणाला, पिकवणे सोडा, हिरवा माल थंड ठेवून द्या, तुमचा आकडा पाचपट होईल. शिल्पाने मनावर घेतले. चार थंड खोल्या बांधल्या. त्यासाठी आईचे पाचोऱ्यातले घर बँकेकडे गहाण पडले.

पहिली खेप चाचणीची होती. शनिवारी एका खोलीत माल भरून दार लावले. गुरुवारी कंटेनर आला, दार उघडले, आणि खोकी उघडून पाहतात तर केळी पिवळी.

"हिरवा माल तिकडे पोचायला पंधरवडा लागतो. पिवळा मुंबईपर्यंतही टिकत नाही. मिळेल त्या भावाने देऊन टाकला," शिल्पा म्हणाली. "निर्यातदार म्हणतात, कारण कळलं तर सोमवारी दुसरी खेप भरा. नाही कळलं तर आमचा तुमचा संबंध संपला. आणि मग घर जाईल, बाई. माझं नाही, आईचं."

नानांनी लगेच मशिनचा बिघाड सुचवला. शिल्पाने मान हलवली. खोलीचे तापमान तिला फोनवर दिसत असे. ते एकदाही चौदाच्या वर गेले नव्हते.

"थंडीत फळ झोपतं. आमच्या पॅकिंगच्या बायकांना मी असंच समजावते. झोपलेलं फळ आपोआप जागं होत नाही. कोणीतरी जागं केलं."

"कोणी?" दिपमालाबाईंनी विचारले.

ती खाली बघत म्हणाली, "आकिबला हे सगळं नकोच होतं."

दुपारीच ते निघाले. पारोळा, भडगाव करत पाचोऱ्याला पोचेपर्यंत ऊन कलले होते. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी बंद होऊन तीन वर्षे झाली होती. फाटकाशी नानांनी सवयीने गाडी हळू केली, आणि मग काहीच येणार नाही हे आठवून पुढे घेतली.

पॅकहाऊस गावाबाहेर होते. पत्र्याची शेड, धुण्याचे हौद, मागे ओळीने चार थंड खोल्या. फाटकाशी लिंबाखाली खाटेवर एक म्हातारा बसला होता. बाजूला चार पायांची काठी. हे आकिबचे काका, शकील चाचा. पाचोऱ्यातली केळी पिकवण्याची जुनी धुराची भट्टी चाळीस वर्षे त्यांनीच चालवली होती. त्यांनी पाहुण्यांना सलाम केला आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

ऑफिसात भिंतीला एक हुक होता आणि त्याला केळीची एक फणी टांगलेली होती. हिरवीगार. दिपमालाबाईंनी तिच्यावर अंगठा दाबून पाहिला. टणक होती.

शिल्पाने सांगितले, प्रत्येक खेपेतली एक फणी बाहेर टांगून ठेवायची, ही त्यांची पद्धत. पुढे तक्रार आली तर माल कसा होता ते दाखवता येते. ही त्याच पिवळ्या पडलेल्या खेपेतली.

"म्हणजे उन्हाळ्यात उघड्यावर टांगलेली हिरवी राहिली आणि थंडीत ठेवलेली पिकली," बाई म्हणाल्या.

"हिला कोणी सांगायचं विसरलं असेल," नाना म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्या फणीकडे बघत राहिल्या.

खोली आता रिकामी होती. मागच्या भिंतीवर उंच जागी थंड हवेचा पंखा, त्याच्या मागे नळ्या नेण्यासाठी केलेली लोखंडी फळी. आकिब त्यांच्याबरोबर आत आला होता. सडपातळ, मवाळ बोलण्याचा माणूस. शिल्पा त्याच्याशी बोलत नव्हती, तो शिल्पाकडे बघत नव्हता.

सगळी खोकी सारखीच पिकली होती का, असे बाईंनी विचारले. आकिबने आठवून सांगितले की नाही, मागची, पंख्याजवळची तर मऊच पडली होती. दाराजवळच्या केळ्यांना थोडी हिरवी कड उरली होती.

मग बाई बाहेर येऊन खोल्यांच्या मागे गेल्या. पंख्याखाली साचणारे पाणी नळीवाटे बाहेर पडत होते. त्या नळीखाली मुंग्यांची काळी रांग लागली होती.

"उन्हाळा आहे, पाण्याला आल्या असतील," नाना म्हणाले.

शेजारच्या खोलीचा पंखाही चाचणीसाठी चालूच होता. तिचीही नळी ठिबकत होती. तिथे एकही मुंगी नव्हती.

बाई परत आत गेल्या. पॅकिंगचे क्रेट एकावर एक रचले आणि साडीचा पदर खोचून वर चढल्या. नाना खालून क्रेट धरून उभे राहिले आणि सारखे जपून, जपून म्हणत राहिले. पंख्यामागच्या फळीवर एक चिकट डाग होता आणि वाळलेल्या केळीच्या पानाची वीतभर पट्टी. बाईंनी ती रुमालात घेतली.

"आम्ही पाला आत येऊच देत नाही," शिल्पा म्हणाली. "कीड येते."

त्यानंतर बाईंनी एकेकाला ऑफिसात बोलावले.

आकिब आडपडदा न ठेवता बोलला. हो, भांडण झाले होते. दोन खोल्या गावच्या मालासाठी ठेवू, दोन निर्यातीसाठी, एका गिऱ्हाइकावर सगळा धंदा टांगायचा नाही, असे त्याचे म्हणणे होते. शिल्पा म्हणाली, निर्यातदाराला एकाच छपराखाली पिकवणी आणि हिरवा माल चालत नाही. तिचे खरे होते, म्हणून तो गप्प बसला. पिकवण्याच्या गॅसची टाकी बाजूच्या खोलीत पडून होती. तिला निर्यातदाराच्या माणसाने स्वतः सील लावले होते.

"दार उघडलं तेव्हा कोण काय करत होतं?" बाईंनी विचारले.

"शिल्पा खोकी फोडत होती. मी फोनवर तापमान बघत होतो. बायका रडायला लागल्या." तो थांबला. "चाचा काठी टेकत आत आले. केळ्यांकडे बघितलंच नाही त्यांनी. वर पंख्याकडे बघितलं आणि परत गेले. तेव्हापासून माझ्याबरोबर जेवत नाहीत."

निर्यातदाराचा माणूस हितेंद्र संध्याकाळी जळगावहून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. मधल्या बुधवारी तो पाहणीला येऊन गेला होता. दारातूनच आत डोकावला, जॅकेट नव्हते म्हणून आत गेला नाही, हे आकिबलाही आठवत होते. पिवळा माल ज्याने स्वस्तात उचलला तो व्यापारी हितेंद्रचा मेहुणा होता. हे त्याने विचारल्यावर सांगितले, आधी नाही. नानांनी बाईंकडे भुवया उंचावून पाहिले. गॅसच्या टाकीचे सील मात्र त्याने सगळ्यांसमोर तपासून दाखवले. ते शाबूत होते.

पॅकिंगच्या बायकांची मुकादम प्रमिलाबाई. ती आपलेच सांगत राहिली. खेप गेली, तिच्या बायकांची पुढची कामेही गेली, आता परत दुसऱ्याच्या शेतात जायचे. त्या दिवशी एवढीच काय ती गोड गोष्ट झाली म्हणाली, की सकाळी शिल्पाताईच्या आईने, नर्मदाअक्काने, प्रत्येकीच्या हातावर केळी ठेवली. लहान, गावठी, सालीवर काळे ठिपके आलेली. साखरेसारखी गोड.

"गाडी आली नव्हती तेव्हा अजून?"

"नही ना. सकाळीच दिली. जुन्या भट्टीवर शकीलभाई वाटायचे, तशीच. खोली खाली झाली का एक घड बायांचा." प्रमिलाबाईने पदराने तोंड पुसले. "मंग दार उघाडलं आन् सारं बठ्ठंच गेलं."

शकील चाचा शेवटी आले. जुन्या भट्टीबद्दल विचारल्यावर ते रंगून बोलले. धुराची खोली, पाल्याचे थर, माचोळीवर, वरच्या लाकडी माळ्यावर, चढून घड लावणारी माणसे. नर्मदा तर खारीसारखी वर जायची, म्हणाले. तिच्या नवऱ्याला चक्कर यायची, म्हणून त्याच्या वाटणीचे वरचे काम हीच करायची. तो गेल्यावरही ती तीस वर्षे भट्टीवर राहिली. बारा माणसे होती, आता त्यांतली दोन उरली. एक मी, एक ती.

"दार उघडलं तेव्हा तुम्ही वर का बघितलंत?" बाईंनी विचारले.

चाचांनी पाणी मागितले. प्यायले. पेला खाली ठेवला.

"म्हातारा माणूस. गेली असेल मान वर." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्हाला नाव पाहिजे ना, बाई? माझं लिहा. मी बिघडवला माल. नवा धंदा मला बघवला नाही. लिहा."

ते गेल्यावर नाना खुर्चीतच पुढे सरकले. "कबूलच केलं की त्यांनी."

"गुडघे कबूल करत नाहीत, नाना. ती फळी कुठे आहे बघितलीत ना?"

रात्रीचे जेवण शिल्पाच्या आईकडे झाले. पाचोऱ्याच्या जुन्या भागातले दोन खोल्यांचे घर. कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, स्वच्छ पुसलेली. नर्मदाबाई साठीच्या पुढच्या, काटक. त्यांनी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा केला होता. शिल्पा पॅकहाऊसवरच राहिली होती.

"ती घरी झोपायला येते," नर्मदाबाई वाढता वाढता म्हणाल्या. "आता कधी तेही नाही. लहानपणी माझ्याबरोबर भट्टीवर यायची, पाल्यावर झोपायची. तेव्हा दिवसभर डोळ्यांसमोर असायची."

घर गहाण ठेवायला तुमची ना नव्हती का, असे नानांनी विचारले. बँकेतली सवय. त्या म्हणाल्या, एकटीला घर करायचे काय? तिने मागितले, दिले. भीती वाटली. भीती वाटते म्हणून नाही म्हणायचे का?

हात धुवायला बाई मागे गेल्या. मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळीची तीन-चार झाडे होती. एकाचा बुंधा नुकताच तोडलेला होता, काप अजून पुरता काळा पडला नव्हता. जेवणानंतर नर्मदाबाईंनी पाला घातलेल्या टोपलीतून उरलेली केळी काढून दिली. नानांनी दोन खाल्ली आणि फार दिवसांनी असे केळे खाल्ले म्हणाले. बाईंनी एक हातात घेतले, साल पाहिली आणि तसेच ठेवले.

परतताना रस्त्यावर फक्त त्यांच्याच गाडीचा उजेड होता.

"हितेंद्र," नाना म्हणाले. "मेहुण्याचं लपवलं त्याने."

"उद्या सकाळी सगळ्यांना बोलवा," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांसमोर सांगणार?"

"अर्धं कळलं की उरलेलं लोक आपल्या मनाने भरतात, नाना. आकिबच्या बाबतीत भरून झालंच आहे."

रविवारी सकाळी शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. शिल्पा, आकिब, हितेंद्र, प्रमिलाबाई. शकील चाचांना आकिबने धरून आणले. नर्मदाबाई चहा घेऊन आल्या आणि खांबाजवळ उभ्या राहिल्या.

दिपमालाबाईंनी प्रस्तावना केली नाही.

"मालात दोष नव्हता. हुकावरची फणी अजून हिरवी आहे, म्हणजे शेतकऱ्याने पिकायला आलेला माल दिला नाही. मशिनही ठीक होतं. तेव्हा जे झालं ते बंद खोलीच्या आत झालं, आणि पंख्याजवळून सुरू झालं, कारण तिथली केळी आधी मऊ पडली. पंखा जी हवा फेकत होता, तिच्यातच काहीतरी होतं."

"गॅस," हितेंद्र म्हणाला.

"टाकीचं सील तुम्हीच दाखवलंत. आणि आकिबला माल बिघडवायचाच असता तर त्याला टाकीही लागली नसती. त्याच्या फोनवरून तापमान वाढवलं असतं की झालं, मशिनवर आळ आला असता. ज्याला हे काम इतकं येतं, तो इतका आडवा रस्ता धरणार नाही."

आकिबने मान वर केली. शिल्पा आपल्या हातांकडे बघत होती.

"हितेंद्र यांनी मेहुण्याचं सांगितलं नाही, हे बरं केलं नाही. पण ते खोलीच्या आत गेलेच नाहीत, आणि बिघाड आत झालाय. चाचांनी काल माझ्यासमोर कबुली दिली. चाचा खाटेवरून उठायला दुसऱ्याचा हात धरतात. त्या फळीवर ते पोचू शकत नाहीत."

बाईंनी रुमाल उलगडला. वाळलेल्या पानाची पट्टी.

"पंख्यामागच्या फळीवर हे सापडलं, आणि एक गोड, चिकट डाग. त्याचा रस पंख्याच्या पाण्यातून नळीवाटे बाहेर येत होता. म्हणून त्याच एका नळीखाली मुंग्या आहेत. हिरव्या केळीला मुंग्या लागत नाहीत. त्या फळीवर पाल्यात ठेवलेलं काहीतरी पिकलेलं होतं. पुरतं पिकलेलं फळ शेजारच्या कच्च्या फळाला पिकवतं. टाकीत असतो तोच वायू त्यातून निघतो, फक्त हळू. खोली बंद होती, पंखा चालू होता, पुरेसे दिवस मिळाले."

"पण इथे पिकलेलं फळच नव्हतं," शिल्पा म्हणाली. "महिनाभर नाही. मी गेटवर तपासते."

"बाहेरच्या माणसाला तपासतेस. प्रमिलाबाई, गुरुवारी सकाळी तुम्ही खाल्लीत ती केळी कशी होती?"

"गावठी," प्रमिलाबाई म्हणाली, आणि तिने खांबाकडे पाहिले.

"गावठी, ठिपके पडलेली. म्हणजे पिवळ्या पडलेल्या खेपेतली नव्हेत. दार उघडायच्या आधी वाटलेली. जुन्या भट्टीवर खोली रिकामी झाली की चाचा एक घड बायकांना वाटत. तो घड कुठून यायचा? वाटला जायचा, म्हणजे आधी कुठेतरी ठेवलेला असणार. मला वाटतं, नवी खोली लावताना एक पिकलेला घड सगळ्यात उंच जागी ठेवायची रीत होती. बरकतीचा. खोली रिकामी झाली की तो शेवटी खाली यायचा आणि कामाच्या माणसांत वाटला जायचा. चाचा, चुकत असेन तर सांगा."

शकील चाचांनी डोळे मिटून घेतले.

"ज्याला नुकसान करायचं असतं, तो ज्याने नुकसान केलं ती वस्तू सगळ्यांत वाटत नाही. ती लपवतो. इथे कोणी शत्रू नाही. इथे कोणीतरी ह्या खोलीचं भलं व्हावं म्हणून—"

"मी," नर्मदाबाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात चहाची किटली होती. ती त्यांनी सावकाश खाली ठेवली. आतापर्यंत त्या बाईंचे बोलणे दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसे ऐकत होत्या. आता त्यांना ती आपली असल्याचे कळत होते, आणि ते कळणे चेहऱ्यावर सगळ्यांना दिसत होते.

"मीच ठेवेल व्हता तो घड. माल भरला त्या दिवशी, बाया गेल्यावर. माले वाटनं, नवी खोली शे, बरकत राही." त्या शिल्पाकडे वळल्या. "आपल्यात नवस-नारळ नाही. तुला चालत नाही म्हणून मी लिंबूसुद्धा बांधलं नाही. पण ही कामाची रीत होती. तू म्हणालीस, आत गेलं का फळ झोपतं. मला वाटलं, तोही झोपेल. गुरुवारी गाडी येणार म्हणून पहाटेच उतरवला; खोकी बंद होती, आतलं काही दिसलं नाही."

धुण्याच्या हौदात नळ ठिबकत होता.

"तिला माहीत नव्हतं," शकील चाचा म्हणाले. "कोणालाच नव्हतं. एक पिकलेला घड वर ठेवला तर खोलीतला माल एक दिवस आधी पिकून उतरतो, हे माझ्या बापाने मला सांगितलं. कामाच्या माणसाला कळलं तर दुसऱ्या भट्टीवर जाऊन सांगेल. मग आपलं काय राहिलं? म्हणून आम्ही त्याला बरकत म्हणायचो. चाळीस वर्षं म्हटलं. दार उघडलं आणि मला कळलं."

"माझ्यावर आलं होतं, चाचा," आकिब म्हणाला. तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता. "तीन दिवस. तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं. तू तरुण आहेस, तुझ्यावरचं धुतलं गेलं असतं. माझं नाव दिलं, ते बाईंनी घेतलं नाही. हिने कुठे जायचं होतं, हे कळल्यावर?"

शिल्पा उठली. सगळ्यांना वाटले ती आईकडे जाईल. ती थंड खोलीकडे गेली, दारात उभी राहून वर त्या फळीकडे बघत राहिली. परत आली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

"हितेंद्रभाऊ, तुमच्या साहेबांना सांगा, खोलीत पिकलेलं फळ राहून गेलं होतं. आमच्या माणसाकडून. फळ्या आज काढून टाकते. दुसरी खेप भरायची का ते विचारा."

हितेंद्र दोन्ही फोन घेऊन फाटकाकडे गेला. तो बोलत असताना शेडमधले कोणीही एकमेकांकडे पाहत नव्हते. नाना नर्मदाबाईंजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनी किटली उचलली आणि स्वतःच सगळ्यांना चहा ओतला.

हितेंद्र परत आला. "भरा म्हणाले. बिघाड का झाला ते सांगता येतं, अशा माणसाबरोबर धंदा करता येतो म्हणाले."

शिल्पाने आकिबकडे पाहिले. "कापणीला माणसं सांगायची का?"

"सांगतो," आकिब म्हणाला.

परतीच्या वाटेवर नानांनी विचारले की बँकेत इतकी वर्षे आपण कर्जदारांना धोके विचारले, आग, चोरी, पूर, भाव पडणे, त्यात हे कुठे बसते?

"बसत नाही," बाई म्हणाल्या. "धंदा बदलला की जुनं शहाणपणच अडचण होतं. आणि ते ज्याच्याकडे असतं, त्याला ती अडचण आहे हे कोणी सांगत नाही. सांगायला त्याच्याजवळ बसावं लागतं."

दुसरी खेप सोमवारी भरली आणि हिरवी गेली. त्यानंतरच्याही गेल्या. कर्जाचे हप्ते चालू आहेत, घर अजून बँकेकडे आहे. चारांतली एक खोली पुढे पडूनच राहिली, कारण निर्यातदाराने ठरल्यापेक्षा कमी माल घेतला.

हितेंद्र वर्षभरात ती नोकरी सोडून मेहुण्याच्या व्यापारात गेला. प्रमिलाबाई पॅकहाऊसची देखरेख बघते. तिच्या हाताखाली आता जास्त बायका आहेत.

आकिब दीड वर्ष राहिला. मग त्याने दोंडाईच्याला स्वतःच्या पिकवणीच्या दोन खोल्या टाकल्या. हिशेब सरळ झाला, दोघांत शब्दाने शब्द वाढला नाही. वाढला असता तर बरे झाले असते, असे शिल्पा एकदा दिपमालाबाईंना फोनवर म्हणाली. तिने पहिले नाव त्याचे घेतले होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगायची गरज नव्हती.

सुकदेव नानांना मुलगा पुण्याला घेऊन गेला. तिथे ते रोज संध्याकाळी बाईंना फोन करतात आणि वर्तमानपत्रातल्या चोऱ्यांची उत्तरे सांगतात. बाई ती ऐकून घेतात. समोरची खुर्ची त्यांनी हलवलेली नाही.

त्या रविवारनंतर नर्मदाबाई पॅकहाऊसवर गेल्या नाहीत. शिल्पाने दोनदा बोलावले. दोनदा त्यांनी कारणे सांगितली, तिसऱ्यांदा तिने बोलावले नाही. शकील चाचाही खाटेवर बसायचे बंद झाले. दोघे एकाच गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर राहत होते. पुन्हा भेटल्याचे कोणी पाहिले नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात शकील चाचा गेले. कबरस्तानात बायका जात नाहीत. नर्मदाबाई रस्त्याच्या पलीकडे, बंद पडलेल्या रसवंतीच्या छपराखाली उभ्या राहिल्या. जनाजा आत गेला. माणसे बाहेर आली, चपला शोधून घराकडे लागली. आकिबने त्यांना पाहिले आणि त्याने मान लववली, पण तो लोकांत होता.

ओळखीचा एक रिक्षावाला थांबला. अक्का, कोणाची वाट बघताय, म्हणाला.

"कोनीच नही," त्या म्हणाल्या. "मी चालनू आते."

आणि रिक्षात न बसता त्या भिजत घरी गेल्या.